चासीवरची पुसलेली रेघ

आदरणीय अध्यक्ष साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, गॅरेज संघटनेची सगळी मंडळी, आमची जुनी गिऱ्हाइकं, आणि त्या भल्यामोठ्या पुष्पगुच्छामागे तोंड लपवून बसलेली माझी धाकटी जाऊ, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या मुलाने इथे येताना बजावलंय, "आई, दोनच शब्द बोल आणि खाली बस." आमच्या घरात दोन शब्दांत कोणी कधी पाणीसुद्धा मागितलेलं नाही. आणि मी दुसरी पास, तीही मास्तरांनी कंटाळून ढकललेली. तेव्हा पाहुण्यांसारखं गुळगुळीत बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही. ते त्यांनी केलं, छान केलं. मला मधे जरा डुलकी लागली, एवढंच.

जाग आली ती हिच्या निवृत्तीच्या मानपत्राने. त्यात वाचलं, 'बत्तीस वर्षांच्या सेवेत यांनी जोडलेली फक्त एकच गाडी दुरुस्तीसाठी परत आली.' टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. त्या एका गाडीबद्दल बोलायलाच मी उभी राहिले आहे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला हिचा हेवा वाटतो. वाटायचा असं म्हणत नाही, वाटतो. आत्ता त्या पुष्पगुच्छाचासुद्धा वाटतोय, आणि मला फुलांनी शिंका येतात.

आमचे मामंजी चासीचे कारागीर. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. वरचा रंग कितीही चकाकू दे, खाली सांगाड्याला तडा गेला की ती गाडी नव्हे, चाकं लावलेलं संकट. घरात हात कमी म्हणून मामंजींनी आम्हा दोघी सुनांना कामाला घेतलं. दोघींना दोन पत्रे दिले, म्हणाले, "जोडा." माझा जोड झाला मुंग्यांच्या वारुळासारखा. हिचा झाला शिंप्याने टीप मारावी तसा. मामंजी म्हणाले, "मोठीचा डोळा शोधायचा, धाकटीचा हात जोडायचा." ऐकायला किती गोड. पण मला सांगा, गाडी बरी झाल्यावर कोणी कधी विचारतं का, तडा शोधला कुणी म्हणून?

तिला वेल्डिंग मिळालं, मला रॉकेलचा डबा.

शोधायचं कसं, ते इथल्या तरुण पोरांना ठाऊक नसेल. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, दार नीट लागत नाही, गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यात कुरकुरते. आपण खाली शिरायचं. चिखल, ग्रीस, गंज खरवडून काढायचा. हातोडीने टकटक करत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, तडकलेलं बद्द बोलतं. मग संशयाच्या जागी रॉकेल फासायचं, थोडं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड लावायची आणि गप्प बसून बघायचं. तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळी रेघ उठते. सगळं बघून झालं की शोधणाऱ्याने मोठ्याने 'साफ' म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय वेल्डिंग पेटवायचं नाही, हा मामंजींचा नियम.

एक दिवस मामंजींनी स्वतःचा वेल्डिंगचा मुखवटा हिच्या हातात ठेवला. सगळ्या गॅरेजसमोर. म्हणाले, "आता हा तुझा." मी तिथेच होते, गुडघाभर ग्रीसमध्ये. माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठे, जरा झाडून घे."

घेतलं झाडून.

त्याच आठवड्यात एका शाळामास्तरांची जुनी गाडी आली. वीस वर्षांची असेल. पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा दांडा, म्हणजे आर्म, जिथे चासीला बसतो, तिथे चांगला बोटभर तडा. तो सापडायला माझी गरजही नव्हती. मी खडूने खूण केली. मग उजव्या बाजूला गेले. तिथे कुणीतरी पूर्वी ठिगळासारखी पट्टी मारलेली होती. रॉकेल लावलं, पुसलं, खडू लावला, बसले. आणि पट्टीच्या कडेने एक रेघ उठली, केसासारखी.

मी ती बघितली. नीट बघितली. मग हातातल्या फडक्याने खडू पुसला आणि बाहेर येऊन म्हणाले, "साफ."

मुला, खाली बस. मी काही चक्कर येऊन पडत नाही.

मला वाटलं, होऊ दे हिची फजिती एकदा. कळू दे मामंजींना. गाडीत माणसं बसतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं असं म्हणायला मला आवडेल. पण होतं.

धाकटीने डावीकडचं काम कसं केलं, तेही सांगते, तिचं श्रेय तिला. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. खाच कोरली, जोड भरला, वरून पट्टी बसवली, तीही टोकांना तिरकी कापलेली, म्हणजे ताण एका जागी साचत नाही. मग टॉर्च घेऊन आख्खी गाडी स्वतः एकदा बघितली. उजवीकडेसुद्धा. खडूशिवाय ती रेघ टॉर्चला दिसणारी नव्हती.

आठव्या दिवशी गाडी दोराने ओढत परत आली. उजवं चाक आत कललेलं. मास्तर शाळेच्या फाटकापाशी वळत होते, वेग नव्हता म्हणून वाचले. कोणाला खरचटलं नाही ते त्यांचं नशीब. त्यात माझी अक्कल कुठेही नव्हती.

मामंजींनी विचारलं, "ही कुणाच्या नजरेतून सुटली?" मी तोंड उघडलं, तोच ही म्हणाली, "माझ्या. टॉर्च मी मारली होती." आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. चोवीस वर्षं झाली, मिटलेलंच आहे.

मानपत्रात लिहिलंय, या फार काटेकोर, प्रत्येक जागा दोनदा खडू लावून तपासत. काटेकोर कसल्या? धसका होता तो. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. तुम्ही ज्यासाठी टाळ्या वाजवल्यात, ती माझी करणी आहे.

तेही मी पोटात ठेवलं असतं. पण गेल्या आठवड्यात माझा मुलगा स्वयंपाकघरात हिची मनधरणी करत होता, "काकू, डॉक्टर म्हणतात नजर ठणठणीत आहे, अजून चार वर्षं थांबा." ही भांडी पुसता पुसता म्हणाली, "एकदा चुकलीय रे ती. नको."

म्हणजे आजचा हा समारंभ त्या एका रेघेपायी आहे. ती रेघ सुटली नव्हती, धाकटे. मी पुसली होती.

काय? जरा मोठ्याने बोल गं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते, ती विचारतेय, "ताई, पट्टीच्या कुठल्या कडेला?"

खालच्या.

"केवढी?"

करंगळीच्या पेराएवढी.

"खडूवर नीट उठली होती?"

स्वच्छ उठली होती.

आता म्हणतेय, "मग मला दिसली असती."

हो, बाई. दिसली असती.

बघा मंडळी. बत्तीस वर्षांचं कौतुक मी नासवलं आणि हिचे पहिले तीन प्रश्न कामाचे. तिच्या जागी मी असते तर आधी हा माईक माझ्या डोक्यात घातला असता. हेवा वाटू नये तर काय वाटावं?

अध्यक्ष साहेब, मानपत्र काचेत बसवलंय ते मला दिसतंय. काच काढता येते. ते वाक्य खोडा आणि लिहा, यांची एकही गाडी परत आली नाही. परत आली ती माझी होती. आणि हिने उद्यापासून कामावर यायचं की घरी पाय पसरून बसायचं, ते तिचं ती ठरवेल. पण डोळ्यांचं कारण आता तिला सांगता येणार नाही.

तुम्ही मला बोलू दिलंत, खुर्च्या न सरकवता ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर ते वयावर घालून सोडून द्या. गाडीच्या बाबतीत मात्र मला क्षमा करायची घाई तुम्ही कोणी करू नका, तो अधिकार तुमचा नाही. ज्यांचा होता ते मास्तर वारले. दुसरी ती समोर बसलीय, आणि आम्ही दोघी इथून एकाच घरी जाणार आहोत. माझं काय करायचं, ते ती तिथे बघून घेईल.

बसते मी.