डावीकडे कललेले टाके

(शिवणघराची वरची खोली, दुपारची वेळ. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली आहे, मांडीवर नवरीच्या पांढऱ्या झग्याचा घेर. थोरली मुलगी तिच्यासमोर उभी. कटिंग मास्तर टेबलाशी.)

आई : आणि पाटीवर पन्नास वर्षं कुणी लिहायला सांगितलं? एकोणपन्नास झाली. धाकटी जन्मली त्या वर्षी मी दुकान काढलं. ती अकरा दिवसांची होती तेव्हा मशीनच्या पायडलवर पाय ठेवला मी. ते वर्ष मला पाठ आहे.

थोरली : रंगाऱ्याला सांगते बदलायला. आई, तो झगा दे इकडे. संध्याकाळी न्यायला येणार आहेत, अजून इस्त्री व्हायचीय.

आई : येऊ देत. बसतील घटकाभर. नवरी काय पळून जातेय?

मास्तर : पळाली तर झगा आपल्याच गळ्यात पडेल, बाई. एवढ्या बारीक कमरेची दुसरी नवरी कुठून आणायची?

आई : मास्तर, दात गेले तुमचे, पण जीभ काही जागा सोडत नाही.

मास्तर : कात्री आणि जीभ, बाई. वापरली नाही तर गंजते.

आई : थोरले, या घेराची हातशिलाई कुणी केली?

थोरली : मीच. अवघड कामं कोण करतं दुसरं?

आई : सगळी तूच केलीस?

थोरली : सगळी.

आई : बोट दे तुझं. इथं ठेव, आणि डोळे मीट. मीट म्हणते ना! माझे चार वर्षांपूर्वी मिटले तेव्हापासून मला जास्त कळतंय. हा बघ जोड. इथून मागं चल. टाका कसा निजलाय कापडावर. दोरा सैल आहे, पण सुटायचा नाही. आता जोडाच्या पुढं ये. लागलं काही बोटाला?

थोरली : काही नाही लागलं.

आई : टाका ओढलाय. एकेक टाका दचकल्यासारखा. एका हातानं सुई ठेवली आणि दुसऱ्यानं उचलली.

थोरली : दमले होते. उरलेलं दुसऱ्या दिवशी केलं.

आई : दमलेला हात सैल पडतो गं. ओढत नाही.

मास्तर : चहा सांगू का, बाई?

आई : तुम्ही बसा. ताकाला जाऊन भांडं लपवायचे दिवस संपले आता. दर गुरुवारी तो पुठ्ठ्याचा लांब डबा घेऊन तुम्ही कुठं जात होता?

मास्तर : बाई, मी कापड कापतो. माणसं कापायला लावू नका.

थोरली : त्यांना नको विचारू. डबा मी पाठवायचे.

आई : कुठं?

थोरली : धाकटीकडं. बेकरीच्या वर दोन खोल्या आहेत तिच्या. तू तिला घराबाहेर काढलंस, त्याच्या पुढच्या महिन्यापासून. सव्वीस वर्षं. नाव माझं आणि हात तिचा. एका मशीनचं दुकान होतं आपलं, त्याचे तीन मजले झाले, दारात मोटारींची रांग लागायला लागली, ती कुणाच्या हातावर? माझ्या नाही, आई. आता बोल काय बोलायचं ते.

आई : तू बोलतेयस ना. बोल आणखी.

थोरली : बोलते. न्यायाधीशांच्या बायकोचा झगा परत आला. काठाचे टाके अर्धे इकडं कललेले, अर्धे तिकडं. तू सगळ्या बायकांसमोर तिला उभी केलीस. म्हणालीस, डावरा हात या घरात नको, एका घरचं काम एका हाताचं दिसलं पाहिजे. तेवीस वर्षांची होती ती. सात वर्षांची असताना तिचा डावा हात खुर्चीला बांधायचीस, उजव्यानं शीक म्हणून. गाठ मला मारायला लावायचीस.

आई : तू सैल मारायचीस. मला दिसायचं.

मास्तर : बाई, झालं ते झालं.

आई : झालं नाही, मास्तर. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात हिनं निळ्या रेशमाचा झगा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, मी केलाय. मी काठ उलटून पाहिला. टाके डावीकडं कललेले. माझ्या पोटची पोर, तिचा टाका मला कळायचा नाही?

थोरली : म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं?

आई : तेव्हापासून.

थोरली : मग बोलली का नाहीस?

आई : बोलले असते तर थांबवावं लागलं असतं. मी बोलून बसले होते चाळीस जणींसमोर. पुढच्या सोमवारी मी काय हुकूम सोडला, मास्तर?

मास्तर : विसरेन कसा? सगळ्या बायकांना कापड फिरवून धरायला लावलंत. शिलाई उलट्या बाजूनं. निम्म्या रडल्या, दोघी काम सोडून गेल्या. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, बाईंच्या डोक्यातला दोरा गुंतला.

थोरली : मला वाटलं लहर आली तुला. बाहेर तर लोक म्हणतात, ही या पेढीची खूण आहे. दुसरी दुकानं नक्कल करतात तिची.

आई : कसली खूण! सगळ्यांचे टाके डावीकडं कलावेत, तिचा वेगळा दिसू नये म्हणून. पुन्हा कुणी झगा घेऊन दारात उभं राहिलं असतं, तर तिचं तेवढं कामही मला तोडावं लागलं असतं. चाळीस हात वळवले मी, तिचा एक झाकायला.

थोरली : आणि तिला एक निरोप नाही धाडलास.

आई : नाही.

थोरली : दहा मिनिटांची वाट आहे, आई. दर गुरुवारी विचारायची, आई काही म्हणाली का. मी म्हणायचे, काम छान झालंय म्हणाली. तू नुसती 'हं' म्हणायचीस.

आई : त्या 'हं'मध्ये होतं सगळं.

थोरली : तिला ते कुठं ऐकू जात होतं?

आई : जाते मी आता. मास्तर, गाडी काढायला सांगा. माझी काठी कुठंय? हा घेर अर्धा का सोडला तेही विचारते. ती काम अर्धं टाकणारी नाही.

थोरली : आई, बस खाली.

आई : भेटायचं नाही म्हणाली का?

थोरली : बस ना. ताप होता तिला, तीन आठवडे. छाती भरली होती. डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलं होतं. तरी मी डबा नेला. लग्न तोंडावर, एवढं मोठं घराणं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावं असं काम नाही म्हटलं. ती उशीला टेकून बसली. मला म्हणाली, काठ जरा माझ्याकडं सरकव, हात पुरत नाही.

मास्तर : मी होतो तिथं. मी म्हटलं, पोरी, ठेव ते. म्हणाली, मास्तर, जोडापर्यंत जाऊ द्या.

आई : जोडापर्यंत.

मास्तर : गेली जोडापर्यंत.

आई : आठ दिवस तुझं ताट भरलेलं परत जातंय, थोरले. मला आवाजावरून कळतं. मी समजले, नवरीकडच्यांनी जीव खाल्लाय तुझा.

थोरली : झगा गेला की सांगणार होते.

आई : हो. मीच शिकवलं तुला तसं. तुझा बाप गेला त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत बाह्या जोडत बसले होते. मास्तर, बारीक कात्री द्या.

थोरली : कशाला? आई, काय करतेयस?

आई : तुझे टाके उसवतेय. जोडाच्या पुढचे.

थोरली : अगं, न्यायला येतील आता! काठ लोंबतोय तसा देणार आहेस का त्यांना?

आई : नेतील तर नेतील. धाकटीनं जिथं सुई ठेवली तिथं मला बोट ठेवायचंय, दुसऱ्या कुणाचा टाका मध्ये न येता. मास्तर, धरा जरा हे टोक.

मास्तर : धरलं, बाई.

आई : हां. इथं आहे. गाठसुद्धा मारली नाही पोरीनं. थोरले, आता सांग. आडवळणानं नको. जन्मली ते मला पाठ आहे, हेही पाठ करायचंय.

थोरली : धाकटी मागच्या मंगळवारी गेली, आई. सकाळी, नऊच्या आधी.