लवू बटलरने पाहिलेले माल्टा

मास्तर : तेव्हा फलकात आता बदल नाही. तीन ठिकाणी लावून झाले. देवळाकडे, बाजारात आणि आमच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या दारावर. "लवू बटलरने पाहिलेले माल्टा. अध्यक्ष, माननीय मामलेदारसाहेब. आज सायंकाळी पाच वाजता, वाचनालयात."

लवू : पण मास्तरानू, माका इचारूचा तरी होता! अकरा म्हयने बोटीर साहेबांका चाय देवन देवन पायांचे खांब झाले. घराकडे इलंय तो निजाक.

मास्तर : अरे, नऊ पत्रं पाठवलीस! भूमध्य समुद्रातल्या ऐतिहासिक बेटावर, गाइड बरोबर घेऊन सहल केलेला माणूस अख्ख्या मालवणात तू एकटा. गेल्या वर्षी आपलं महाराष्ट्र राज्य झालं. नव्या राज्यात ज्ञान घरोघर गेलं पाहिजे. तू निजून राहिलास तर ते जाणार कसं?

शेवंती : आदी चाय घेवा मास्तरानू. ज्ञान खंय पळान जाता?

मास्तर : शेवंतीबाई, तुम्ही साक्षीला आहात. याच पडवीत बसून सगळी पत्रं मी तुम्हांला वाचून दाखवली. काय ते किल्ले, काय ते सरदार, आणि ती दोन घड्याळं! मामलेदारसाहेब खास घड्याळांसाठी येताहेत. मला म्हणाले, साल्वादोर मास्तर, ही युक्ती अजून सरकारच्या लक्षात कशी आली नाही?

लवू : आणि कोणी मधीच काय इचारला तर?

मास्तर : उत्तर द्यायचं. माल्टा तू पाहिलंस, त्यांनी नाही. घाबरायचं त्यांनी. बरं, निघतो मी. खुर्च्या जमवायच्या आहेत. पाच म्हणजे पाच हं!

लवू : गेलो?

शेवंती : पाणंदीतसून वळलो. आता सांगा, तोंड कित्याक उतारला?

लवू : गो, मी पत्रांत काय काय लिवलंय ता माकाच याद नाय.

शेवंती : बघलेला याद रवता. लिवलेला कित्याक याद व्हया?

लवू : तू आणि सुरू करू नको. तुका किती याद आसा ता सांग.

शेवंती : सगळा. माका वाचूक येणा नाय, म्हणान इसरूक पण येणा नाय. ऐका. गाइड म्हणजे एक म्हातारो, हातात मिटलेली छत्री. छत्री वर केली की साहेब लोक चलतत, खाली केली की थांबतत. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणा घालतत तसो तो एका दमात बोलता, आणि सगळे मान हलवतत. काय समाजला नाय तरी.

लवू : व्हय. अगदी असोच होतो.

शेवंती : होड्यांच्या तोंडार डोळे रंगवलेले. होडी आपणाकडे बघता असा वाटता.

लवू : ता पण बरोबर.

शेवंती : समुद्रात पिवळ्या दगडाच्या उंच उंच भिती. तेवा मी मास्तरांका म्हटलंय, आमच्या म्हायेराक पण समुद्रातच भिती आसत.

लवू : तुझ्या म्हायेरचो किल्लो आणि माल्टा! खंय इंद्राचो ऐरावत आणि खंय शामभटाची तट्टाणी! पडकी भित आणि चार माड. तेका काय गाइड ठेवतत?

शेवंती : बारा वर्सां झाली लग्नाक. भितर जावन बघलात खंय तुमी?

लवू : धक्क्यावरसून दिसता मगो! फुडे सांग.

शेवंती : इगर्जीत भुंयेर संगमरवरी थडगी. "तेथील भव्य व दिव्य छत अवलोकून प्रवासी थक्क होतो." आणि मगे तो नांगर. मास्तरांच्या त्या संताचा, सां पावलाचा तारू फुटला तेचो. बारा माणसांक हालना नाय.

लवू : नांगर? मी नांगर लिवलंय?

शेवंती : तिसऱ्या पत्रात. वाचताना मास्तरांच्या डोळ्यांक पाणी इला.

लवू : नांगर... बरा, आसतलो. तेचा वजन किती?

शेवंती : ता लिवूक नाय तुमी.

लवू : मगे थंयच घालतंय कायतरी.

शेवंती : एक इचारू? रागाव नकात.

लवू : इचार.

शेवंती : छत्री तुमी तुमच्या तोंडान सांगलात. होडयेचे डोळे तुमच्या तोंडान. पण इगर्जीच्या भितर पाय घातलात काय लगेच भव्य आणि दिव्य. आमच्या घरात आजवर भव्य कोण म्हणालो? नऊ पत्रां ऐकलंय मी. दारापर्यंत तुमी आसतास. भितर कोण दुसरोच जाता.

लवू : एका मडमेचो छापील कागद बोटीच्या डेकार पडलेलो गावलो. एका शिकलेल्या सोबत्याकडसून मराठी करून घेतलंय. भितरला सगळा त्या कागदातला.

शेवंती : आणि तुमी खंय होतात?

लवू : दारार.

शेवंती : खंयच्या दारार?

लवू : सगळ्याच. किती इचारतंस गो! साहेबांच्या वांगडा गाइड होतो, मी होतंय, सगळा खरा. पण तेंच्या जेवणाचे दोन टोपले उचलूक माणूस व्हयो होतो, म्हणान माका धाडल्यानी. किल्लो इलो, साहेब भितर, मी दारार. इगर्ज इली, साहेब भितर, मी दारार. तो म्हातारो गाइड दर खेपेक माका छत्रीन दाखयत होतो, हंय बस. कुत्रो येतलो, टोपले राख.

शेवंती : म्हणजे घड्याळां पण कागदातलीच?

लवू : नाय गो! घड्याळां मी बघलंय. माझ्याइतकी कोणीच बघूक नाय, तास दीड तास तेंच्याफुडेच बसलेलंय. इगर्जीच्या तोंडार दोन घड्याळां. एक खरी वेळ दाखयता, दुसरा खोटी. सैतान इगर्जीतली मासाची प्रार्थना नासूक इलो तर तेची वेळ चुकूची म्हणान. पण ह्या माका कोण सांगता? गाइडान सांगल्यान ता भितर. मी बघलंय खोटा. साडेचार! बोट सुटाची पाचाक. म्हटलंय, साहेब दुसऱ्या दारान गेले, माका इसारले. दोन्ही टोपले घेतलंय आणि धावलंय धक्क्यापर्यंत. थंय बघतंय तर दुपारचो एक.

शेवंती : अरे देवा! आणि साहेब?

लवू : तेरा साहेब आणि मडमा उपाशी, इगर्जीच्या पायऱ्यांर. हसा नको.

शेवंती : नाय हसणंय. सांगा.

लवू : बोटीर इल्यार वरच्या साहेबान माका सगळ्यांफुडे उभो केल्यान. सैतानासाठी केलेला घड्याळ, आणि तेका फसलो कोण तर मसुऱ्याचो लवू! तेच्यानंतर माल्टा इला की माका खाली उतरूक बंदी. एकदाच गेलंय गो मी. बाकीची आठ पत्रां बशे धुवान झाल्यार रसोड्यात बसान लिवली.

शेवंती : पाय दुखले म्हणान लिवलात आसतात. दारार बसवल्यानी म्हणान लिवलात आसतात. मी काय गावभर सांगतलंय होतंय?

लवू : तू नाय. पण पत्र तुका लिवतंय आणि वाचता मास्तर. मास्तरान वाचला म्हणजे बाजारान वाचला. पाय दुखले ह्या मास्तराच्या तोंडान कसा सांगू तुका? तेच्यापेक्षा भव्य दिव्य बरा.

शेवंती : उठा. खुंटयेवरचो कोट घाला. गावाक दुसऱ्या घड्याळातली वेळ सांगा, तेंका तीच व्हई आसा. खरी माका गावली.

(रविवारी सकाळी. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी. पाहुण्यांची होडी थोडी पुढे गेली आहे. या होडीत मास्तर, लवू, शेवंती आणि जेवणाचे दोन मोठे टोपले.)

मास्तर : भाषण कसलं, पर्वणीच! चार दिवस झाले, बाजारात दुसरा विषय नाही. आणि मामलेदारसाहेब? तिथल्या तिथे उठून जाहीर केलं, रविवारी आमचे मुंबईचे सात पाहुणे येताहेत, त्यांना आपला किल्ला लवू बटलर दाखवील, माल्ट्याच्या धर्तीवर! ही बघ, मी छत्रीसुद्धा आणलीय.

लवू : तिच्या काडये मोडलेले आसत.

मास्तर : आपल्याला ती उघडायची कुठे आहे? लवू, एक सुचवू? पुढच्या वेळी ते दारात टोपल्या राखत बसलेल्या गरीब माणसाचं काढून टाक. एवढं रंगात आलेलं भाषण, आणि मध्येच तो. लोकांना कळेना हसावं की काय करावं. माल्ट्याला जाऊन असली माणसं कशाला बघायची?

लवू : बरा. काढतंय.

शेवंती : काढू नकात. माका सगळ्यात तोच आवाडलो.

मास्तर : आणि आता एक कबुली देतो. सकाळी मासाला फादरांजवळ दिली, तुझ्याजवळ राहिली होती. तो नांगर आहे ना, तू लिहिला नव्हतास. पत्र वाचता वाचता मीच पदरचा घातला. म्हटलं, सां पावलाचं जहाज जिथे फुटलं त्या बेटावरून आलेलं पत्र, आणि त्यात त्यांचं नाव नाही? बरं नाही दिसत. आणि त्या दिवशी भाषणात तू उभा राहून सांगतोस, नांगर बघितला, गंजलेला, वजन साडेसात खंडी! माझ्या अंगावर काटा आला. मी मनाने घातलेला नांगर तुला तिथे दिसला! हा चमत्कार नाही तर काय?

शेवंती : घातलेला खंय ना खंय दिसताच, मास्तरानू.

मास्तर : असो. आता कामाचं बोलू. सुरुवात कुठून करणार? तटाची लांबी? बुरुज किती सांगायचे?

लवू : मास्तरानू, होडी पाठी फिरवूक येयत?

मास्तर : का? काही विसरलं?

लवू : मी ह्या किल्ल्यात कधी जावूकच नाय.

मास्तर : चेष्टा करू नकोस. सासुरवाडी आहे तुझी!

लवू : लग्न मसुऱ्याक झाला. मगे बोटीर गेलंय. मगे सुट्टीक इलंय काय म्हणा होतंय, दुनिया बघलेलो माणूस हो, ह्या काय बघतलो?

मास्तर : मेल्या! शिरा पडो तुझ्या तोंडार! हजार कोसांवरचा माल्टा बघलंस आणि ह्यो नाकाफुडचो किल्लो बघूक नाय? आता मामलेदाराक मी काय तोंड दाखयू?

शेवंती : मास्तरानू, मालवणीत इलात.

मास्तर : परिस्थितीच तशी आहे, बाई!

शेवंती : ती छत्री हंय द्या.

मास्तर : तुम्हांला? अहो, बाईमाणूस आणि गाइड?

शेवंती : माझो जल्म थंयचो. चलाक मी त्या तटार शिकलंय. खंयच्या पायरेर पाय सरता आणि खंयच्या भितीक सांजचो वारो लागता, सगळा माका म्हायती.

मास्तर : पण जाहीर नाव लवूचं झालंय!

शेवंती : मगे पाव्हण्यांका सांगा, लवू बटलरान गाइड ठेवल्यान. माल्ट्याच्या धर्तीवर.

मास्तर : हे मात्र पटण्यासारखं आहे. मग लवू काय करणार?

लवू : मी टोपले घेतंय. माका तेची सवय आसा.

मास्तर : धक्का आला. उतरा, जपून. पाहुणे मंडळी! इकडे, इकडे! सर्वांनी छत्रीकडे लक्ष द्यावं!

शेवंती : येवा सगळे. आता माका सांगा, किल्ल्याचो दरवाजो खंय आसा? दिसणा नाय ना? शत्रूक पण दिसलो नाय. बुरुजांच्या आड लपवलेलो आसा. चार पावलां फुडे येवा... हो बघा! भितर महाराजांच्या हाताचो ठसो आसा. तेच्याफुडे तीन बावी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंक खारा पाणी आणि मधी गोडा. ता का, माका इचारू नकात, पिया आणि तुमीच सांगा. मगे माझ्या आवशीचा, माझ्या आईचा घर. ती चाय घेतल्याशिवाय कोणाक सोडणा नाय, मामलेदाराच्या पाव्हण्यांका पण नाय.

मास्तर : शेवंतीबाई, पाहुणे एक प्रश्न विचारताहेत.

शेवंती : काय, बुरुज किती?

मास्तर : नाही. जेवण किती वाजता?

लवू : थंय पण हाच इचारीत.

शेवंती : चला, आदी किल्लो, मगे जेवाण. मास्तरानू, तुमी तेंका घेवन फुडे व्हा. हे खंय रवले?

मास्तर : लवू? तो काय, दरवाज्यात बसलाय. टोपल्यांवर हात ठेवून.

शेवंती : अवो. हंय कित्याक बसलात?

लवू : जावा तुमी. मी आसंय हंय. कुत्रो बित्रो येतलो.

शेवंती : हंयची कुत्री माझ्या म्हायेरची. जावयाच्या टोपल्याक तोंड लावची नाय.

लवू : सवय गो. छत्री फुडे गेली काय आपोआप बूड टेकता. माझा माकाच कळूक नाय.

शेवंती : आता छत्री माझ्या हातात आसा. बारा वर्सां माझी आवस जावयासाठी पाट मांडून बसली आसा.

लवू : आणि ह्या टोपल्यांचा काय?

शेवंती : एक माझ्याकडे द्या. चला, भितर.