बळदावरची फरशी

सायमा : ...बहिरूभाऊ, जेसीबीनं फरशी सरकलीच आहे, तर उतरून बघा किती खोल आहे. कॉलम नेमका इथंच येतोय.

लिलाबाई : उतरू नगंस रं! पाय काढ आधी!

सायमा : आजी, कोण तुम्ही? साइटवर असं येऊ नका, काही लागेल.

लिलाबाई : परवा पाडलंत ते माझं माहेर. भाच्यानं इकलं तुमाला. आमच्या नांदे गावात आता जुनी घरं कुटं ऱ्हायलीत? बघाया आले. हे बळद हाय, माजघराखालचं. आत भात, वर फरशी, फरशीवर सारवण. चोराला घावायचं न्हाई.

बहिरू : मॅडम, मोबाईलची बत्ती मारली. रिकामं हाय. धा फूट असंल. उतरतो की.

लिलाबाई : मोबाईलची बत्ती इझती व्हय? जळता दिवा सोड.

(बहिरू डब्यात मेणबत्ती लावून सुतळीनं खाली सोडतो.)

बहिरू : निम्म्यात गेली.

सायमा : वारा लागला असेल.

लिलाबाई : बळदात कुटला वारा?

बहिरू : परत लावली... परत गेली, मॅडम. तितंच.

सायमा : मागं व्हा. भाऊ, मागं व्हा आधी! आजी, तुम्हाला कसं ठाऊक?

लिलाबाई : कोंडलेली हवा इखारी. फरशी आदल्या दिशी काढायची, मंग उतरायचं. काढायचं काम माझं. बारा वर्सांची व्हते, सागरगोट्यांच्या नादात इसरले. पहाटं उठून काढली. देवू, माझा धाकटा भाव, भात काढाया आला. इचारतो, "ताये, काल उघडलंवतंस ना?" बा मारंल म्हणून व्हय म्हनले.

सायमा : आणि तो उतरला.

लिलाबाई : पाटी मागितली त्यानं. द्याया वाकले, तर हात वर आलाच न्हाई.

सायमा : या अल्लाह... घरी सांगितलंत?

लिलाबाई : बा मरस्तोवर म्हनायचा, "मीच धाडला पोराला." मी ऐकत बसायची. साठ वर्सं झाली. आज पयल्यांदा बोलले, त्ये बी परक्याम्होरं.

सायमा : लहान होतात हो तुम्ही.

लिलाबाई : देवू माझ्यापरीस लहान व्हता.

सायमा : ...कुणी उतरणार नाही, आजी. मुरूम टाकून आत्ताच बुजवते.

लिलाबाई : आज नगं. आज उघडंच ऱ्हाऊ दे.

सायमा : अहो, पण आता उतरायचंय कुणाला?

लिलाबाई : कुणालाच न्हाई, ठावं हाय. काल उघडलंवतं म्हनले व्हते त्याला. एक दिस तरी उघडं ऱ्हाऊ दे.