आमसूल कोणी चाखायचं?

हसू नका गं, पण त्या शुक्रवारी माझं अख्खं बी.एड. एका आमसुलावर अडलं होतं.

रेवसच्या वाटेवरचं आमचं ते ख्रिस्ती सिस्टरांचं छोटं कॉलेज. वर्गात निम्म्या सिस्टर, निम्म्या आमच्यासारख्या संसारी बायका. परीक्षेच्या पाठाला आम्हीच एकमेकींच्या विद्यार्थिनी व्हायचो. माझा पाठ होता चवींवर. गुरुवारचा पाठ ऐनवेळी शुक्रवारवर गेला, आणि शुक्रवारी माझं संतोषीमातेचं व्रत. आंबटाला हातसुद्धा लावायचा नाही!

म्हटलं, देवी सांभाळेल, विद्यार्थिनी चाखतील. बाहेरून आलेले परीक्षक मागे बसलेले. मी पहिल्या बाकावरच्या सिस्टर ॲग्नेसना म्हटलं, “बाळ, ये, ते आमसूल उचल आणि चाख.”

“बाई, आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. संध्याकाळपर्यंत मी फक्त पाणी घेते.”

शेजारच्या शबानाकडे पाहिलं, तर ती कुजबुजली, “ताई, रोजा हाय ना माझा!”

बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. कुणाचा उपास, कुणाचा रोजा, दोघी माझ्यासारख्याच शुक्रवारवाल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. म्हटलं, गेलं वर्ष पाण्यात!

तेवढ्यात परीक्षक सर स्वतःच उठून पुढे आले आणि आमसूल तोंडात टाकलं. डोळे घट्ट मिटले त्यांचे!

घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं, “शाब्बास बाळ! कशी लागली चव?”

सर मुकाट्यानं सिस्टरांशेजारी जाऊन बसले आणि हात वर केला.

“आंबट, बाई. पाठ छान चाललाय, पण आता साखर द्या!”