हलकी गोळी, जड गोळी

ओक्लाहोमातल्या बंदुकांच्या दुकानात लोर्ना काडतुसं घ्यायला रांगेत उभी होती. तिच्या पुढे सत्तरीच्या आर्डिथबाई होत्या आणि काउंटरपलीकडे दुकानदार वेंडेल.

“काकू, हे थ्री-फिफ्टी-सेव्हन रिव्हॉल्व्हर घ्या. यात थर्टी-एटच्या गोळ्याही चालतात. नेमबाजीच्या रेंजवर सरावाला त्या हलक्या वापरा, घरात जड ठेवा.”

“जड गोळीनं हात उडतो ना रे? माझी बोटं आखडलीत.”

“मग हे नुसतं थर्टी-एटचं घ्या. धक्का कमी बसतो.”

“पण त्यानं माणूस थांबेल? सहा फुटांच्या वर आहे. बापावर गेलाय.”

“काकू! तुमचा डेल सुटला की काय तुरुंगातून?”

“शुक्रवारी सुटतोय. मागच्या वेळी हात मोडला माझा. आता मान मोडीन म्हणतो.”

“पोलिसांना सांगा की.”

“सांगितलं. तो आला की फोन करा म्हणाले.”

“बहिणीकडे जा.”

“तिचंही दार फोडलंय त्यानं. ती आता मला घरात घेत नाही.”

लोर्नानं नजर दुसरीकडे वळवली.

“वेंडेल, नुसता खाली पडेल, मरणार नाही, अशी कुठली गोळी?”

“अशी गोळी नसते, काकू. नेम छातीवरच धरायचा.”

“छातीवर? लहानपणापासून नाजूक आहे रे त्याची छाती. थंडीत रात्र रात्र बाम चोळत बसायचे मी.”

वेंडेल दोन्ही रिव्हॉल्व्हर परत कपाटात ठेवायला वळला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला.

“राहू दे. हलकं थर्टी-एटच बांधून दे.”