हळदीला गेलेली पहिली

सपनाच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, रिलेचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. आमचे हे दर रविवारी डोळखांबला मुलींना धावायला शिकवतात. तालुक्याच्या स्पर्धेला चौघी पाठवायच्या होत्या, म्हणून यांनी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला: प्रत्येकीचा सगळ्यात कमी वेळ काढायचा आणि वरच्या चौघी घ्यायच्या.

निकालात मंदा पहिली, शून्य सेकंदात! ती तर एका रविवारी बहिणीच्या हळदीला गेली होती. रविवार चुकवणाऱ्या चौघीच निवडल्या गेल्या आणि एकही रविवार न चुकवणारी सपना पाचवी.

सासूबाई म्हणाल्या, "हळदीच्या मांडवात धावली काय गो ती?"

सपनाचे डोळे भरले. "दादा, मीपण घरीच बसाया पायजे होतं."

"अगो, प्रत्येकीची एक ओळ, दर रविवारचा एक आकडा. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात," हे वैतागले. "रिकाम्या जागी कायतरी भरावंच लागतं. मी शून्य भरलं."

भाकरी थापता थापता मी म्हणाले, "मग अनंत भरा ना. जी धावलीच नाही, ती पोचलीच नाही. कमीत कमी वेळ शोधताना अनंत कधीच निवडलं जाणार नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि शून्य खोडून अनंताची खूण टाकली. सपना दुसरी! मंदा तिसरी आली, पण खरोखर धावून.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची नवी सून बोलतच नाय वो."

"बोलते की! काल एक शब्द बोलली, न् पोरगी तालुक्याला चालली."