काकाचा साधेपणा आणि मोटारीची चाकं

आमचा काका साधेपणासाठी साखरखेर्ड्यात अजून नावाजला जातो, त्याचं कारण ऐका. आमच्या हिवऱ्यातली पहिली मोटार त्यानंच घेतली. पोरासाठी मुलगी पाहायला साखरखेर्ड्याला जायचं, म्हणून आदल्या दिवशी बैलांचा खरारा घेऊन तो चाकं घासायला बसला.

काकू म्हणाली, "अहो, लोखंडी खरारा काऊन घेता? ओलं फडकं घ्या ना."

"बैल चमकते त्यानं, मंग चाक काऊन नाही चमकन?"

चाकांच्या चकचकीत टोप्यांवर ओरखडेच ओरखडे उठले. लोक मोटार जुनी म्हणतील, या धाकानं सकाळी आम्ही बैलगाडी जुंपली.

मोटारीची बातमी मुलीच्या वडलांपर्यंत आधीच पोचली होती. ते गहिवरले, "दारात मोटार असून बैलगाडीनं आले तुमी!"

काका हात जोडून म्हणाला, "हाव, आमाले दिखावा जमतच नाही."